मुक्या काळजाची वाचा

पाच वर्षांपूर्वीच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. आमच्या इमारतीच्या अंगणात मुलांचे फटाके चालले होते आणि आम्ही चारदोन शेजारी जिन्याच्या पायथ्याशी खुर्च्या टाकून गप्पा मारीत बसलो होतो. कोणा व्रात्य पोराने आमच्या पाठीमागेच सुतळी बाँब लावला. त्या आवाजासरशी आम्ही सगळे ताडकन उठून उभे राहिलो. माझी छाती धाडधाड उडू लागली. शेजारी बसलेले अण्णाही आमच्याइतकेच दचकले होते, पण त्यांनी आपल्या मनगटावर दोन बोटे टेकवली, घड्याळाकडे पाहिले आणि हसत म्हणाले, "प्रोफेसर, मी दचकलो खरा, पण आमच्या पाहुण्यांना अजून बातमी पोचलेली नाही!"

थोडा वेळ गेला. माझी धडधड शमत आली तेव्हा अण्णा म्हणाले, "हं, आता पोचली. आता पाहुणे घाबरले."

अण्णांचे हे 'पाहुणे' म्हणजे त्यांच्या छातीतले हृदय. त्याआधी सात महिन्यांपूर्वी त्यांचे स्वतःचे हृदय पार थकले होते, आणि एका अनोळखी तरुणाच्या आप्तांनी ऐन दुःखाच्या घटकेला दाखवलेल्या मोठ्या मनामुळे त्याचे हृदय अण्णांच्या छातीत बसवण्यात आले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. अण्णा हिंडूफिरू लागले होते. पण हे पाहुणे घरात राहूनही घरातल्यांशी बोलत नव्हते!

मी मराठी शिकवणारा माणूस. अण्णांच्या त्या वाक्याने मला आमच्या भाषेचीच काळजी वाटू लागली. आपण म्हणतो, काळजाचा ठोका चुकला. काळजात चर्र झाले. छातीत धस्स झाले. ऊर भरून आला. या साऱ्या वाक्प्रचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की मनाला जे कळते ते हृदयाला त्याच क्षणी कळते. मग ज्याच्या हृदयाला ते उशिरा कळते, किंवा कळतच नाही, त्याने काय करावे? या कुतूहलापोटी मी अण्णांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारले, पुष्कळ वाचले, आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

लगाम आणि चाबूक

प्रथम एक नवलाची गोष्ट. हृदयाला धडधडण्यासाठी कोणाच्याही हुकमाची गरज नसते. शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदय, योग्य त्या द्रावणात ठेवले तर, बराच वेळ आपले आपण ठोके देत राहते. या ठोक्यांचा उगम नेमका कुठे होतो याचा शोध १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघा ब्रिटिश संशोधकांनी जाहीर केला. त्यांना ती इवलीशी गाठ प्रथम आढळली ती चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या आणि जमिनीत बिळे करणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात! तिला सायनस गाठ म्हणतात. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात बसून ती ठोक्यामागून ठोका सोडीत असते.

हिला जर मोकळे सोडले, तर ती मिनिटाला सुमारे शंभर ठोके देते. पण आपण स्वस्थ बसलेलो असताना नाडी सत्तरच्या आसपास असते, ती कशी? तर मेंदूकडून छातीत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू तिला सतत आवरून धरतो. व्हेगसला उत्तेजन दिले की हृदय मंदावते, थांबतेसुद्धा, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवून दिले. व्हेगस हा लगाम झाला. चाबकाचे काम दुसऱ्या एका मज्जातंतूंच्या जाळ्याकडे असते. त्याला आपल्याकडे 'अनुकंपी' असे मोठे गोड नाव दिलेले आहे. संकट आले, पळायची वेळ आली, राग आला, की हे अनुकंपी तंतू हृदयाला पिटाळतात. शिवाय हृदयाकडून मेंदूकडे खबर नेणारे तंतू वेगळेच. छातीत कळ येते ती त्यांच्या द्वारे.

हृदयरोपणात दात्याचे हृदय त्याच्या शरीरातून कापून काढावे लागते. रक्तवाहिन्या शल्यविशारद टाक्यांनी जोडतो. पण हे तंतू इतके बारीक आणि इतके असंख्य, की ते जोडण्याचा विचारही करता येत नाही. लगाम तुटतो, चाबूक तुटतो आणि खबऱ्याही मुका होतो. म्हणूनच अण्णांची नाडी निजलेल्या अवस्थेतही पंचाण्णव-शंभर असे. वहिनी पहिल्या महिन्यात रोज घाबरून जात. डॉक्टरांनी त्यांची समजूत घातली, "अहो, हृदय घाबरलेले नाही. त्याला आवरणारा कोणी नाही, एवढेच."

एका शस्त्रक्रियेचा इतिहास

माणसाच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केली. लुई वॉशकान्स्की हे ते रुग्ण. नवे हृदय चालले, पण अठराव्या दिवशी न्यूमोनियाने त्यांना गाठले. या शस्त्रक्रियेचा पाया अमेरिकेत नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून घातला होता. मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे की, त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पण मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयाने जगाच्या पहिल्या ओळीत उभे राहून ते धाडस केले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

पुढे १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले. परका अवयव नाकारण्याची शरीराची खोड त्याने पुष्कळशी आटोक्यात आणली, आणि हृदयरोपण झालेली माणसे वर्षेच्या वर्षे जगू लागली. भारतात १९९४ साली अवयवदानाचा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले. माणसे दीर्घकाळ जगू लागली तेव्हाच तुटलेल्या तंतूंचे पुढे काय होते, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. अठरा दिवसांच्या आयुष्यात त्याचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते.

टेलिफोन तुटला, टपाल चालू

आता अण्णांच्या पाहुण्यांना फटाक्याची बातमी उशिरा का होईना, पण पोचली कशी? त्याचे उत्तर एका स्वप्नात सापडलेले आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. ईस्टरच्या सुमारास एका रात्री त्यांना झोपेत एक प्रयोग सुचला. त्यांनी अर्धवट जागे होऊन तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी ते तडक उठून प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्याचा व्हेगस उद्दीपित केला, ते मंदावले. मग त्यातले द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिले. त्या दुसऱ्या हृदयाचे तंतू काढून टाकलेले होते, तरी तेही मंदावले. म्हणजे तंतू हृदयाशी बोलतो तो रसायनाच्या भाषेत. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधाबद्दल लोवी यांना पुढे १९३६ साली हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

तंतू तुटले तरी रसायन रक्तातून येऊ शकते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. भीती वाटली किंवा श्रम झाले की ती ॲड्रेनालिन रक्तात सोडते. ते रक्ताबरोबर हृदयापर्यंत येते आणि हृदय धावू लागते. आपल्या हृदयाला मेंदूचा टेलिफोन आहे. अण्णांच्या हृदयाला तेव्हा फक्त टपाल होते. निरोप तोच; मिळतो उशिरा. आणि एकदा मिळालेले पत्र परत घेता येत नाही, त्याप्रमाणे धोका टळल्यावरही रक्तातले रसायन ओसरेपर्यंत धडधड चालूच राहते.

याचा प्रत्यय जिन्यावर येई. अण्णा तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. एरवीचा माणूस दोनचार पायऱ्या चढतो तोच त्याची नाडी वाढू लागते. अण्णांची नाडी पहिल्या मजल्यापर्यंत जवळजवळ तशीच असे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते बाकावर बसत, आणि नेमकी तेव्हा, स्वस्थ बसल्यावर, ती चढू लागे! मग त्या पहिल्या पायऱ्या ते चढत तरी कशाच्या बळावर? चालताना पायांचे स्नायू नीलांमधले रक्त वर ढकलतात. हृदयात जास्त रक्त येते, त्याच्या भिंती अधिक ताणल्या जातात, आणि जितका ताण अधिक तितके ते अधिक जोराने आवळते. फ्रँक आणि स्टार्लिंग या दोघांनी दाखवलेला हा गुण हृदयाच्या स्नायूतच असतो. त्याला तंतू लागत नाहीत. ठोके वाढले नाहीत तरी प्रत्येक ठोक्याला रक्त जास्त निघते. म्हणून अशा रुग्णांना सांगतात की, व्यायाम सावकाश सुरू करावा आणि सावकाशच संपवावा. एकदम धावू नये, एकदम थांबू नये.

बिछान्यातून उठण्याचेही तसेच. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे ओढले जाते. मानेतल्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत आणि छातीतल्या महारोहिणीत रक्तदाबाचे पहारेकरी बसलेले आहेत. ते मेंदूला वर्दी देतात, आणि मेंदू तत्काळ दोन हुकूम सोडतो: रोहिण्यांनी आवळावे, हृदयाने घाई करावी. अण्णांच्या शरीरात पहिला हुकूम पाळला जाई, कारण रोहिण्या त्यांच्या स्वतःच्या. दुसरा हुकूम कापलेल्या तंतूच्या टोकाशी येऊन थांबे. म्हणून ते उठताना आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसत.

न दुखण्याचे भय

हे सगळे ऐकताना गंमत वाटते. वहिनींना मात्र एक भीती रात्रंदिवस छळत होती, आणि ती खोटी नव्हती. रोपण केलेल्या हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या पुढे काही वर्षांनी आतून जाड होऊन अरुंद होऊ शकतात. हृदयरोपणाचा हा मोठाच शत्रू. आपल्यातल्या कोणाची अशी रोहिणी अरुंद झाली तर चढण चढताना छातीत कळ येते, डावा हात भरून येतो, आणि माणूस वेळीच डॉक्टरांकडे जातो. कळ नेणारा तंतूच नसेल तर? हृदयाचा झटका येऊन जाईल आणि घरच्यांना कळणारही नाही. वहिनी एकदा माझ्या पत्नीला म्हणाल्या, "आजवर देवाकडे यांना काही दुखू नये म्हणून मागत आले. आता वाटतं, दुखायला हवं तेव्हा तरी दुखू दे!"

म्हणूनच या रुग्णांच्या रोहिण्यांची तपासणी, काही दुखत नसले तरी, ठरावीक काळाने करावीच लागते.

मुळे पुन्हा धरतात

तोडलेल्या तंतूचे काय होते, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून दाखवले. पेशीपासून तुटलेला भाग झडून जातो. पेशीला लागून असलेला भाग जिवंत राहतो. झडलेल्या भागाच्या पोकळ नळ्या मात्र काही काळ शिल्लक असतात, आणि जिवंत टोकाला कोंब फुटून ते त्या नळ्यांतून वाट काढू लागते. हातापायांतले तंतू अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात.

अण्णांच्या अनुकंपी तंतूंच्या पेशी त्यांच्या स्वतःच्या शरीरात, मानेच्या आणि छातीच्या मणक्यांलगत, सुखरूप होत्या. प्रश्न एवढाच होता की, टाक्यांचा व्रण ओलांडून ते कोंब परक्या हृदयात शिरतील काय? कुत्र्यांवरील प्रयोगांत ते शिरल्याचे १९६० च्या दशकातच दिसले होते. माणसांत मात्र तसे होत नाही असा पुष्कळ डॉक्टरांचा समज होता. १९९१ साली त्याला धक्का बसला. हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांच्या छातीत हृदयशूळासारखी कळ आल्याचे अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. मुक्या काळजाला वाचा फुटल्याची ती खूण होती. त्याच सुमारास, अनुकंपी तंतूंची टोकेच शोषून घेतात असे किंचित किरणोत्सारी औषध टोचून हृदयाची चित्रे घेण्यात आली. रोपणानंतर लवकर घेतलेल्या चित्रांत हृदय कोरे दिसे. काही वर्षांनी घेतलेल्या चित्रांत त्याच्या पुढच्या व वरच्या भागात उजेड दिसू लागला. तंतू महारोहिणीच्या बाजूने, वेल मांडवावर चढावी तसे, खाली उतरत होते.

या वेलीचा उपयोग काय? २००१ साली म्युनिकच्या डॉक्टरांनी २९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १६ जणांच्या हृदयात अनुकंपी तंतू परतले होते. व्यायामात या सोळा जणांची नाडी अधिक वर गेली, हृदय अधिक जोमाने आवळले, आणि ते इतरांपेक्षा जास्त वेळ टिकले.

लगामाचे, म्हणजे व्हेगसचे, परतणे अधिक अवघड. ते तपासण्याची इटलीतील लुचिआनो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची युक्ती मोठी मार्मिक आहे. रुग्णाच्या मानेभोवती एक पोकळ पट्टा बांधून त्यातली हवा तालात थोडी थोडी खेचायची. त्यामुळे मानेतली रोहिणी ताणली जाते आणि तिथला पहारेकरी फसतो. त्याला वाटते रक्तदाब वाढला, आणि हृदय मंद करण्याचा निरोप सुटतो. श्वास मिनिटाला पंधरा या ठराविक लयीत घ्यायला सांगायचे, आणि पट्टा मात्र वेगळ्या लयीत ओढायचा. हृदयाचे ठोके पट्ट्याच्या लयीत हेलकावू लागले की समजायचे, तंतू पोचला. मिनिटाला सहा अशी संथ लय अनुकंपी तंतूंनाही साधते. मिनिटाला बाराची द्रुत लय साधते ती चपळ व्हेगसलाच!

या प्रयोगांतून १९९८ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. हृदय बसवण्याच्या जुन्या पद्धतीत रुग्णाच्या मूळ हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा काही भाग तसाच ठेवीत, आणि त्यात त्याची जुनी सायनस गाठही राही. अशा माणसाच्या हृदयालेखात दोन गाठींच्या वेगवेगळ्या खुणा दिसतात: जुनी गाठ जुन्या धन्याचा हुकूम पाळते, पण तिचे कोणी ऐकत नाही, नवी गाठ सारे हृदय चालवते, पण तिला हुकूम येत नाही. नव्या पद्धतीत उजवा वरचा कप्पा पूर्ण काढतात, आणि त्यामुळे अधिक तंतू तुटतात. व्हेगस परतल्याच्या खुणा आढळल्या त्या या अधिक तोडलेल्या रुग्णांत! थोडे तंतू शाबूत राहिले की वाढीची निकड भासत नसावी. सगळेच तुटले की कोंब फुटतात, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

मात्र हे परतणे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. कोणात लवकर, कोणात उशिरा, कोणात मुळीच नाही. आणि बऱ्याच वर्षांनंतरही ते अपुरेच राहते. हृदयाचा काही भाग बोलका आणि काही मुका, असा संसार पुढे चालतो.

साखर

यंदाच्या गणेशोत्सवाची गोष्ट. गेली दोन वर्षे अण्णा दुसऱ्या मजल्याच्या बाकावर बसेनासे झाले होते. पायऱ्या चढताचढताच त्यांची नाडी वाढे आणि वर पोचल्यावर लवकर उतरे. वहिनींनी रोजच्या नाडीची एक वहीच ठेवली आहे. तिच्यात हा फरक महिन्यामहिन्याने दिसतो. आरतीला खाली उतरलेले अण्णा परत वर जाताना मध्येच कठडा धरून उभे राहिले. मी मागेच होतो. "काय झालं, अण्णा?"

"प्रोफेसर," ते हळूच म्हणाले, "छातीत दाबल्यासारखं होतंय."

आम्ही त्यांना तिथेच बसवले आणि तासाभरात रुग्णालयात नेले. एक रोहिणी बरीच अरुंद झालेली निघाली. दुसऱ्या दिवशी तिच्यात जाळीची नळी बसवण्यात आली. पुढच्या तपासणीला अजून पाच महिने अवकाश होता. डॉक्टर म्हणाले, "छातीत दुखले म्हणून वेळेवर आलात. यापुढे दुखेलच असे धरून मात्र चालू नका. तपासण्या चुकवायच्या नाहीत."

अण्णा घरी आले त्या संध्याकाळी मी भेटायला गेलो. देवघरात निरांजन लावलेले होते आणि देवापुढे वाटीत साखर ठेवलेली होती. मी विचारले, "वहिनी, साखर कसली?"

"नळी बसली त्याची नव्हे हो," वहिनी म्हणाल्या, "यांना दुखलं त्याची."

अण्णांनी चिमूटभर साखर माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "घ्या प्रोफेसर, पाहुणे आता घरचे झाले."